कोणाच्या तुलनेत? : पुनर्वसन वैद्यकातील संशोधनाची शिस्त

(टोकियो येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



या संमेलनात वैद्यकीय विषयावर विचार मांडण्याची संधी संयोजकांनी आम्हांस दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. पुनर्वसन वैद्यकातील संशोधनपद्धती हा विषय आम्ही घेतला. हा तर डॉक्टरांच्या परिषदेचा विषय, मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांपुढे त्याचे काय प्रयोजन, असे काहींना वाटेल. प्रयोजन आहे आणि ते तातडीचे आहे. आपल्या पिढीतील बहुतेकांचे आईवडील आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणी नागपूरला, कोणी अमरावतीला, कोणी मुंबईच्या चाळीत. त्यांच्यापैकी कोणास पक्षाघात होतो, कोणाचे खुब्याचे हाड मोडते, तर कोणा तरुण भाच्याच्या मानेला मोटारसायकलच्या अपघातात इजा होऊन हातपाय लुळे पडतात. मग टोकियोतील मुलाला फोन येतो, "जपानात पेशींचा नवा उपचार निघाला आहे म्हणतात. तिकडे आणता येईल का? पैशाचे आम्ही बघू."

पैशाचे बघणे म्हणजे काय, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, आईचे चार दागिने, गावाकडचा एखादा प्लॉट. दोन पिढ्यांच्या कष्टाची ही पुंजी कोणत्या आशेवर लावायची, हा निर्णय अखेर कुटुंबालाच घ्यावा लागतो. तो घेताना हाती असावा असा एकच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत. कोणी म्हणाले, "या उपचाराने रुग्ण सुधारला," तर आपण शांतपणे विचारावे, "कोणाच्या तुलनेत?" संशोधनाची सारी शिस्त या दोन शब्दांत सामावलेली आहे.

पुनर्वसन आणि मोजमाप

पुनर्वसन म्हटले की महाराष्ट्रात प्रथम धरणग्रस्त आठवतात. पाण्याखाली गेलेल्या गावाला नवी जागा देणे हे जसे पुनर्वसन, तसेच आजाराने किंवा अपघाताने आपल्या नित्य जीवनातून उठलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या घरात, कामात आणि चारचौघांत बसविणे हे पुनर्वसन वैद्यकाचे कार्य होय. मुंबईत हाजीअलीजवळ या शाखेची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून हे काम करीत आली आहे. जपानमध्ये तर 'रिहाबिरी' हा शब्द भाजीवाल्या आजीच्याही तोंडी आहे. येथे २००० सालापासून आरोग्यविम्यात पुनर्वसनासाठी स्वतंत्र कक्षांची तरतूद झाली. पक्षाघाताच्या रुग्णाला अशा कक्षात साधारणतः १५० दिवसांपर्यंत आणि मेंदूच्या उच्च कार्यांवर परिणाम झाला असल्यास १८० दिवसांपर्यंत राहता येते. वीस मिनिटांचा एक घटक धरून दिवसाला नऊ घटक, म्हणजे तीन तासांपर्यंत व्यायामोपचार मिळू शकतात. येथे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही माहिती लक्षात ठेवावी.

या शाखेत 'बरे झाले' म्हणजे काय, हे ठरविणेच मोठे कठीण असते. हिवताप गेला की ताप उतरतो. रक्ततपासणी साक्ष देते. अर्धांगवायू झालेल्या माणसाचे तसे नाही. हात अजून उचलत नाही, परंतु तो स्वतः जेवू लागला. याला काय म्हणावे? यासाठी मोजपट्ट्या तयार करण्यात आल्या. जपानच्या रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी 'फिम' ही त्यांपैकी एक. जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौच, जिने चढणे, बोलणे, लक्षात ठेवणे अशा १८ बाबींना प्रत्येकी १ ते ७ गुण दिले जातात. सर्वस्वी परावलंबी रुग्णाला १८ आणि पूर्ण स्वावलंबी व्यक्तीला १२६ गुण मिळतात. आपल्या नातेवाइकाचा दाखल होतानाचा आणि घरी सोडतानाचा आकडा आपण अवश्य विचारावा. 'आता बरे वाटते' या वाक्याची जागा आकडा घेतो, तेथून संशोधनाला आरंभ होतो.

दोन जहाजांची कथा

तुलनेचे महत्त्व सांगण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. याच टोकियोने त्याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. १८८० च्या सुमारास जपानी नौदलाला बेरीबेरीने ग्रासले होते. या रोगात पायांतील बळ जाते, संवेदना हरपते, अंगावर सूज चढते आणि हृदय थकून माणूस दगावतो. कानेहिरो ताकाकी नावाचे नौदलाचे वैद्य १८७५ ते १८८० या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयात शिकून परतले होते. रोग खलाशांत अधिक आणि अधिकाऱ्यांत कमी, हे त्यांनी पाहिले. दोघांची हवा एक, समुद्र एक, जहाज एक. भेद होता तो ताटातला. खलाशांचे पोट जवळजवळ सगळे पांढऱ्या, सडलेल्या तांदळावर भरत होते.

१८८२ च्या अखेरीस 'र्यूजो' हे जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई अशा लांबच्या सफरीवर निघाले. जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मृत्युमुखी पडले. ताकाकींनी आग्रह धरला की पुढील जहाज त्याच मार्गाने जावे. फक्त आहार बदलावा. १८८४ साली 'त्सुकुबा' जहाज त्याच मार्गाने गेले. ताटात मांस, आटीव दूध, पाव वाढला. भात कमी झाला. या वेळी ३३३ जणांपैकी सुमारे १५ जण आजारी पडले आणि बेरीबेरीने एकही दगावला नाही. जे आजारी पडले, त्यांतील बहुतेकांनी नेमून दिलेले अन्न टाळले होते. पुढल्याच वर्षी नौदलाच्या भातात जव मिसळण्यास प्रारंभ झाला आणि काही वर्षांत नौदलातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, ताकाकींचे कारणमीमांसेचे गणित चुकलेले होते. प्रथिनांच्या कमतरतेमुळे रोग होतो, असे ते मानीत. खरे कारण होते ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. टोकियोच्याच शाही विद्यापीठातील उमेतारो सुझुकी यांनी १९१० मध्ये भाताच्या कोंड्यातून त्या द्रव्याचा छडा लावला. आपल्या कोकणातील उकडा तांदूळ खाणारा शेतकरी या रोगापासून पुष्कळसा वाचला, तोही याच कारणाने. भात उकडताना कोंड्यातील हे सत्त्व दाण्यात उतरते. तर्क चुकलेला असूनही ताकाकींची तुलना नेटकी होती, म्हणून माणसे वाचली.

दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. भूदलाच्या वैद्यकीय नेतृत्वाने हा निष्कर्ष मानला नाही. त्यांत पुढे थोर साहित्यिक म्हणून गाजलेले ओगाई मोरी हेही होते. त्यांचा भर जर्मन प्रयोगशाळांतील जंतुशास्त्रावर होता. दोन सफरी वेगवेगळ्या वर्षी झाल्या, मग फरक आहाराचाच कशावरून, ही शंका मुळात निराधार नव्हती. परंतु शंका आली की अधिक काटेकोर प्रयोग करावयाचा असतो; केवळ शंका उराशी धरून बसावयाचे नसते. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात भूदलाचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने मरण पावले. पुरावा मोजण्यास नकार दिला की त्याची किंमत साधा शिपाई चुकवितो.

सुधारणा आपोआपही होते

आता पुनर्वसनाकडे वळू. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक रुग्णांत काही ना काही सुधारणा निसर्गतःच होते. मज्जारज्जूच्या इजेनंतरही आरंभीचे काही आठवडे हालचाल थोडीफार परतते. या काळात रुग्णाला जे काही दिले जाईल त्याला यशाचे श्रेय मिळते. मग ते तेलाचे मालीश असो, विजेचे यंत्र असो की दंडावरचा गंडा असो. आपल्या घरांतून गंडेदोरे आणि अंगारेधुपारे हद्दपार झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र पांढरा कोट घालून आलेला गंडा ओळखणे अधिक अवघड असते.

यावर संशोधकांनी चार उपाय योजले आहेत. पहिला, तुलनागट : सारख्याच रुग्णांचा दुसरा गट, ज्याला नवा उपचार मिळत नाही. दुसरा, चिठ्ठ्या टाकून विभागणी : कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता दैवाच्या हाती देणे, म्हणजे धडधाकट रुग्ण एकाच बाजूला जमा होत नाहीत. तिसरा, अनभिज्ञ परीक्षक : औषधाच्या प्रयोगात रुग्णाला खोटी गोळी देऊन अनभिज्ञ ठेवता येते, व्यायामाच्या प्रयोगात ते शक्य नाही, कारण आपण व्यायाम केला की नाही हे रुग्णाला कळतेच. म्हणून निदान गुण देणाऱ्या व्यक्तीला रुग्णाचा गट कळू देत नाहीत. चौथा, आधी जाहीर केलेली कसोटी : काय मोजणार आणि केव्हा मोजणार, हे प्रयोगापूर्वीच नोंदवून ठेवणे. वीस गोष्टी मोजून ज्यात फरक दिसला तेवढीच छापणे, म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखे आहे.

सद्हेतूचीही परीक्षा

या शिस्तीपुढे सर्वांच्या समजुती, अगदी आम्हां डॉक्टरांच्याही, कशा उघड्या पडतात याची दोन उदाहरणे सांगतो. पक्षाघाताच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके अधिक उठवून चालवावे तितके चांगले, असे पुष्कळांचे मत होते. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला २४ तासांच्या आत, वारंवार आणि अधिक वेळ उठविण्यात आले. दुसऱ्या गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ५० टक्के, तर अतिशीघ्र उठविलेल्या गटात ४६ टक्के निघाले. याचा अर्थ रुग्णाला खाटेवर पडू द्यावे असा मुळीच नाही. दोन्ही गटांतील रुग्ण लवकरच उठले होते. पहिल्याच दिवशी अतिरेक करू नये, एवढाच धडा त्यातून मिळतो. पण तुलना केली नसती तर तो मिळालाच नसता.

दुसरे उदाहरण आपल्या काळजाला भिडणारे आहे. भारतात व्यायामोपचार तज्ज्ञ अपुरे. मग घरच्याच माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करवून घेतले तर? कल्पना सुंदर होती. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये त्याचा वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्ये आला. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटातील कुटुंबीयांना खास प्रशिक्षण देण्यात आले होते. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते.

हा आकडा आम्ही मुद्दाम सांगत आहोत. "आम्ही परदेशात राहिलो, जवळ बसून हातपाय हलविले नाहीत, म्हणून बाबा चालू शकले नाहीत," असे अपराधाचे ओझे मनात वाहणारे मुलगे आणि लेकी या सभागृहातही असतील. घरच्या माणसाच्या सहवासाचे मोल आहेच. ते कोणत्याही मोजपट्टीच्या पलीकडचे आहे. तथापि, त्याने प्रशिक्षित तज्ज्ञाची जागा घ्यावी आणि न जमल्यास स्वतःला दोष द्यावा, याला या प्रयोगाने आधार दिलेला नाही. नकारात्मक निष्कर्षही माणसाला मोकळे करतो, तो असा.

पेशींची आशा

आता ज्या फोनचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्या पेशी-उपचारांविषयी. जपानने २०१४ पासून पुनरुत्पादक वैद्यकासाठी नवे कायदे अमलात आणले. त्यानुसार, थोड्या रुग्णांवरील आशादायक अनुभवावर मुदतीची, सशर्त मान्यता देता येते. पुढे अधिक पुरावा सादर करावयाचा असतो. मज्जारज्जूच्या इजेवरील 'स्टेमिरॅक' या उपचाराला डिसेंबर २०१८ मध्ये सात वर्षांच्या मुदतीची अशी मान्यता मिळाली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी वाढवून शिरेवाटे परत देण्याची ही पद्धत. आधार होता १३ रुग्णांचा. त्यांपैकी १२ जणांत सुधारणा दिसली. ऐकून कोणाचेही मन हरखेल. पण कोणाच्या तुलनेत? तुलनागट नव्हताच. इजा ताजी होती, व्यायामोपचार सोबत चालू होते आणि निसर्गाचे काम आपल्या गतीने चालू होते. उपचार निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. त्याचा उपयोग किती, हे त्या प्रयोगातून कळू शकत नव्हते, एवढेच.

अशाच मार्गाने २०१५ मध्ये हृदयविकारावरील 'हार्टशीट' या पेशीपटलाला सशर्त मान्यता मिळाली होती. तिचा आधार सात रुग्ण. पुढे जमविलेला पुरावा तपासून जुलै २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने पूर्ण मान्यता देणे योग्य नाही, असा निर्णय दिला. नऊ वर्षांनंतर उत्तर मिळाले. मधल्या काळातील रुग्णांनी ते उत्तर न मिळताच उपचार घेतले होते.

याउलट, टोकियोतीलच केइओ विद्यापीठाची भाषा पाहावी. मज्जारज्जूच्या ताज्या इजेत आयपीएस पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी रोपण्याचा पहिला प्रयोग तेथे डिसेंबर २०२१ मध्ये झाला. मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांचा वृत्तान्त जाहीर झाला : गंभीर अपाय नाही आणि दोघांच्या हालचालीत सुधारणा. परंतु हा प्रयोग मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी होता आणि परिणामकारकता ठरविण्यास मोठा प्रयोग करावा लागेल, हे संशोधकांनी स्वतःच स्पष्ट केले. आशा आणि मर्यादा एकाच श्वासात सांगणारा शास्त्रज्ञ विश्वासास पात्र असतो.

येथे एक सावधगिरी. जपानमध्ये 'जियू शिन्र्यो' म्हणजे विम्याबाहेरचे, सर्वस्वी स्वखर्चाचे उपचार देणारी चिकित्सालये आहेत. त्यांनी आपली योजना शासनाकडे कायद्याप्रमाणे सादर केलेली असते. योजना सादर होणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे. शासनाचा शिक्का पाहून भुलू नये.

आकड्यांचा प्रामाणिकपणा

पद्धत कितीही निर्दोष असली तरी आकडेच सचोटीचे नसतील तर सारे व्यर्थ. ताकाकींनी १८८१ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या शिक्षणसंस्थेतूनच आजचे जिकेइ वैद्यकीय विद्यापीठ उभे राहिले. याच संस्थेतील रक्तदाबाच्या औषधाचा, तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. त्या औषधाने पक्षाघातादी व्याधी लक्षणीय घटतात, असा त्याचा दावा होता. पुढे विद्यापीठाच्याच चौकशीत रुग्णनोंदी आणि विश्लेषणातील आकडे यांत तफावत आढळली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. याच औषधावरील जपानमधील इतर अभ्यासांवरही प्रश्नचिन्हे उमटली. परिणामी २०१७ मध्ये चिकित्साविषयक संशोधनाचा नवा कायदा झाला आणि तो एप्रिल २०१८ पासून लागू झाला.

संस्थापकाच्या दोन जहाजांपासून या घटनेपर्यंतचा प्रवास सांगण्यामागे कोणत्या संस्थेची निंदा करण्याचा हेतू नाही. थोर परंपरेच्या संस्थेतही आकडे तपासावे लागतात आणि तपासल्यावर चूक जाहीर करणे हेही विज्ञानाचेच अंग आहे, हे आपल्या मुलांना कळावे, एवढाच हेतू.

घरात विचारावयाचे प्रश्न

आता या साऱ्याचे घरगुती सार. कोणताही नवा उपचार पुढे आला की पाच प्रश्न विचारावेत. एक, तुलना कोणाशी केली? दोन, रुग्ण किती होते आणि आजार किती जुना होता? ताज्या इजेवरील अनुभव पाच वर्षांपूर्वी लुळ्या पडलेल्या हातास लागू पडत नाही. तीन, काय मोजले; केवळ चित्रातील बदल, की माणूस स्वतः जेवू-चालू लागला ते? चार, हा प्रयोग आधी नोंदविलेला आहे काय? भारतात २००७ पासून आणि जपानमध्ये सध्याच्या स्वरूपात २०१८ पासून अशा प्रयोगांची जाहीर नोंदवही आहे; घरातील कॉलेजला जाणारी मुलगी ती अर्ध्या तासात शोधून दाखवील. पाच, पैसे कोण देतो? खऱ्या प्रयोगात तपासल्या जाणाऱ्या औषधाची किंमत सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. प्रयोग म्हणून सांगणे आणि बिल बाजारभावाचे देणे, हे दिसताच पाऊल मागे घ्यावे.

याचबरोबर, संशोधनात भाग घेण्यास घाबरूही नये. प्रत्येक प्रस्थापित उपचारामागे कोणीतरी अनामिक रुग्णांनी चिठ्ठीचा कौल मान्य केलेला असतो. मात्र संमतिपत्र आपणांस कळेल अशा भाषेत समजावून घेणे हा आपला हक्क आहे. कांजीतील मजकूर न समजता त्यावर हान्को उमटवू नये. दुभाषी मागावा, घरी नेऊन वाचावा, नको वाटल्यास मधूनच माघार घ्यावी. त्यामुळे आपले नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत.

तरुण मित्रांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण येथे अभियांत्रिकी, संगणक आणि जीवशास्त्र शिकत आहेत. पुनर्वसन वैद्यकाला आकडेशास्त्र जाणणारे, मोजमापाची साधने घडविणारे आणि व्यवसायोपचार शिकलेले हात हवे आहेत. उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे, विहिरीवरून पाणी आणणे या आपल्या जीवनातील क्रिया परदेशी मोजपट्ट्यांत सहसा सापडत नाहीत. विदर्भातील शेतमजूर बाईला पुन्हा निंदणी-खुरपणी करता येईल का, हे मोजणारी पट्टी तिला जवळून ओळखणाऱ्यानेच तयार करावी लागेल. ती आपण करावी.

आणि वडीलधाऱ्यांनो, पुढचा फोन येईल तेव्हा लगेच होकार किंवा नकार देऊ नका. कागदपत्रे मागवा, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. उत्तरे समाधानकारक असतील तर अवश्य पुढे जा. नसतील तर तीच रक्कम चांगल्या व्यायामोपचार तज्ज्ञासाठी, न्हाणीघरातील आधारदांड्यासाठी आणि आईबाबांकडे वर्षातून एक फेरी अधिक मारण्यासाठी खर्च करा.